डबी भरली, पण कधी?
उज्जैनच्या नानाखेड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. सकाळी भरलेली लघवीची डबी दुपारपर्यंत पिशवीतच राहिली, तर रिपोर्ट पेशंटचा नव्हे, उन्हाचा येतो. ई. कोलाय जंतू पोषक उबेत साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतात. मिलिलिटरमागे 1,00,000 जंतू हा कल्चरचा रूढ निकष निव्वळ उशिरानेही गाठला जाऊ शकतो. म्हणून सुरुवातीची धार सोडून मधली घ्यावी आणि डबी दोन तासांत पोचवावी, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावी. ‘मशीन बघून घेईल’ म्हणणं सोपं आहे, पण मशीन समोर आलेलंच मोजतं. फ्रिजची किळस रास्तच. झाकण घट्ट, वर दुसरी पिशवी, की झालं. शौचाचं मात्र उलट. पातळ शौचातला हलता अमीबा पाहायचा, तर नमुना अर्ध्या तासात मायक्रोस्कोपखाली हवा. थंडीने त्याची हालचाल थांबते, लघवी मिसळली तर तो मरतो.