तिथी पाहून चौपाटी

नुकतेच चालायला लागलेले मूल, म्हणजे साधारण एक ते तीन वर्षांचे, घराबाहेर पडले की प्रेक्षणीय स्थळ वगैरे पाहत नाही. मुंग्यांची रांग, नळाखालचे डबके, कुत्र्याची शेपटी आणि पुन्हा पुन्हा चढता येईल अशी एखादी पायरी एवढ्यात त्याची सहल होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, आणि बाबागाडीत किंवा खुर्चीत त्यांना एका वेळी तासाहून जास्त जखडून ठेवू नये. दोन खोल्यांच्या घरात तीन तासांची ही धावपळ मावत नाही. मॉलमधल्या ‘प्ले एरिया’त ती तासाच्या दराने विकत मिळते. मुंबई-पुण्यात मात्र त्यासाठी दमडीही न मोजता जाता येईल अशा मोकळ्या जागा पुष्कळ आहेत. तिथे पैसे लागत नाहीत. वेळ साधावी लागते, आणि बहुतेकांची तीच चुकते.

पहिला हिशोब उन्हाचा. मार्च ते मे या काळात सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत घरी परतावे किंवा संध्याकाळी पाचनंतर निघावे. बागेतली पत्र्याची घसरगुंडी दुपारभर तापते आणि ऊन उतरल्यावरही बराच वेळ गरम राहते. मोठ्यांच्या राठ तळहाताला ते जाणवत नाही, म्हणून हाताची मागची बाजू टेकवून पाहावी; ती पाच सेकंद ठेववत नसेल तर मुलाच्या उघड्या मांड्यांना चटका बसणार हे नक्की. प्लास्टिकचे झोके आणि जमिनीवरच्या रबरी लाद्याही तशाच तापतात.

मुंबईत सर्वांत मोठे आणि सर्वांत स्वस्त खेळणे म्हणजे समुद्राची वाळू. गिरगाव, दादर, जुहू कुठेही जावे. पण जाण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहावी. किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना आडाखा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसातून दोनदा भरती येते, त्यामुळे हीच वेळ रात्रीलाही लागू पडते. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि नेमकी वेळ वर्तमानपत्रात किंवा फोनवर मिळते. तरी महिन्याभराचा बेत मनातल्या मनात आखायला हा आडाखा पुरेसा आहे.

यातून लहान मुलांच्या कामाची गोष्ट निघते ती अशी. अष्टमीच्या आसपास सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा भरती असते. वाळू अरुंद, गर्दी तेवढ्यातच कोंबलेली, आणि जी वाळू उरते ती भुसभुशीत. तिच्यात मुलाचे पाय रुततात, ते पडते, रडते आणि कडेवर चढून बसते. याउलट पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास पाणी खूप आत गेलेले असते. शिवाय ही उधाणाची भरती असल्याने ओहोटीही तितकीच खोल असते. मागे ओल्या, कडक वाळूचा प्रशस्त पट्टा उरतो. त्यावर दुडदुडत धावता येते, पावलांचे ठसे उमटतात, आणि खळग्यात साचलेल्या इंचभर पाण्यात एखादा शंख स्वतःच चालू लागतो, कारण आत खेकडा बिऱ्हाड करून असतो. सकाळी लवकर उठणाऱ्या घरांना द्वितीया सोयीची: साडेसातला ओहोटी. पाणी उथळ दिसले तरी मोठ्या माणसाने मूल आणि समुद्र यांच्या मध्ये उभे राहावे, आणि अक्सासारख्या बुडण्याच्या घटनांसाठी कुप्रसिद्ध किनाऱ्यावर मुलाला पाण्यात उतरवूच नये. पावसाळ्यात चौपाटी एकूणच बंद समजावी. त्या दिवसांत ब्लू बॉटल नावाचे निळ्या फुग्यासारखे जीव किनाऱ्यावर येऊन पडतात. ते सुंदर दिसतात आणि जबर डंख करतात.

खाडीकाठी हिशोब उलटा होतो. नोव्हेंबर ते मे या काळात ठाणे खाडीत रोहित म्हणजे फ्लेमिंगो उतरतात. ओहोटीला ते दूर चिखलावर पांगलेले असतात. चढत्या पाण्याने चिखल झाकला की काठाजवळच्या पाणथळ जागांत गोळा होतात. नेरूळ-सीवूड्समधल्या टी. एस. चाणक्य परिसरात ते तिकिटाशिवाय दिसतात. एकादशीच्या सुमारास सकाळी आठला भरती असते, म्हणजे ऊन चढण्याआधी सगळे आटोपते. ऐरोलीहून निघणारी बोटीची फेरी मात्र सशुल्क आहे. हेही सांगायला हवे, की दोन वर्षांच्या मुलाला लांबवरच्या गुलाबी रेघेत फारसा रस नसतो. ते कौतुक आई-बाबांचे. मुलाचे डोळे खिळतात ते पायाशी असलेल्या चिखलावर. तिथे निवटे, म्हणजे चिखलावर सरपटत उड्या मारणारे बोटभर मासे, आणि एकच नांगी अवाढव्य असलेले इवलेसे खेकडे असतात. पाऊल वाजले की सगळे बिळात गडप होतात आणि मिनिटभर स्तब्ध बसले की पुन्हा वर येतात. दोन वर्षांच्या मुलाला मिनिटभर गप्प बसवणारी अशी दुसरी गोष्ट शहरात सापडणे कठीण.

बागांमध्ये मलबार हिलचे फिरोजशहा मेहता उद्यान ऊर्फ हँगिंग गार्डन आणि समोरचे कमला नेहरू पार्क ही जोडी अजूनही सर्वांत सोयीची. हँगिंग गार्डन १८८० च्या दशकाच्या आरंभी पाण्याच्या झाकलेल्या टाक्यांवर उभी राहिली, म्हणूनच टेकडीवर असूनही ती सपाट आहे आणि बाबागाडी विनासायास फिरते. प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपे मुलांना ओळखता येतात. कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. दादरला शिवाजी पार्क आहे. ते १९२५ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि १९२७ मध्ये त्याला हे नाव मिळाले. तिथल्या मातीपेक्षा कट्टा उपयोगाचा. बोट धरून कट्ट्यावरून चालणे हा तासाभराचा कार्यक्रम होतो. राणीच्या बागेला तिकीट आहे, तेव्हा ती या यादीत येत नाही.

पुण्यात सारसबागेची हिरवळ पुरेशी आहे आणि मधोमध तळ्यातला गणपती आहे. टेकडीची हौस असेल तर तळजाई बरी, कारण वरपर्यंत रस्ता जातो. मूल कडेवर घेऊन चढ चढण्यात मुलाची हालचाल शून्य आणि वडिलांचीच तेवढी होते.

पावसाळ्यात रेल्वेचा पादचारी पूल किंवा स्कायवॉक कामी येतो. डोक्यावर छप्पर, खाली दर दोन-चार मिनिटांनी लोकल. डबक्यात उड्या मारू द्याव्यात, पण सोसायटीच्या आवारात आणि पायात गमबूट घालून. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात आणि पायावरची छोटीशी जखमही त्यांना पुरते.

या वयाची मुले हाताला लागेल ते तोंडात घालतात. कण्हेर, विशेषतः पिवळी कण्हेर, बागांत आणि दुभाजकांवर सर्रास लावलेली असते आणि तिचे सर्व भाग विषारी असतात. गुंजेची लाल-काळी बी दिसायला मोहक आणि तितकीच घातक. खेळायला शिरीषाची वाळलेली शेंग द्यावी, ती खुळखुळ्यासारखी वाजते. देशी बदामाचे लाल पडलेले पान द्यावे, किंवा पहाटे पडलेली पारिजातकाची फुले वेचू द्यावीत.

रेल्वेत आणि एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला भाडे पडत नाही, पण गर्दीच्या वेळची लोकल टाळावी. सार्वजनिक स्वच्छतागृहांत लंगोट बदलायला जागा क्वचितच असते. जुनी चादर जवळ असली की बाकावरही ते काम उरकते. पाणी, टोपी, सुका खाऊ आणि कपड्यांचा एक जादा जोड एवढे सामान बस झाले. एका ठिकाणी तास-दीड तास पुरे. परतीचा प्रवास लांबचा असेल तर दुपारच्या झोपेच्या बराच आधी निघावे, कारण वाटेत वीस मिनिटे डुलकी काढलेले मूल घरी आल्यावर पुन्हा झोपत नाही.