मास्क निघाल्यावर

जर्मनीत 1 जानेवारी 2021 पासून डुकराच्या पिलाला भूल न देता खच्ची करणं बेकायदा आहे. बंदी खरं तर 2019 च्या सुरुवातीलाच यायची होती. पशुपालकांनी तयारीला वेळ मागितला आणि संसदेनं आणखी दोन वर्षं दिली. स्वित्झर्लंडनं तर 2010 पासूनच ती लागू केली होती. नर डुक्कर वयात आलं की अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल ही दोन रसायनं त्याच्या चरबीत साठतात. मांस शिजताना उग्र दर्प सुटतो आणि गिऱ्हाईक पाठ फिरवतं. म्हणून आठवड्याच्या आतल्या पिलांवरच ही शस्त्रक्रिया उरकतात. बंदीपूर्वी त्यासाठी नुसतं ब्लेड पुरायचं.

आता बऱ्याच ठिकाणी त्यासाठी यंत्र आहे. पिलाला उताणं अडकवायचं, तोंडावर मास्क बसवायचा आणि आयसोफ्लुरेन वायू सोडायचा. सव्वा-दीड मिनिटात पिलू निपचित पडतं. प्रशिक्षण घेऊन परीक्षा दिलेला शेतकरी हे काम स्वतः करू शकतो. या सवलतीला तिथल्या पशुवैद्यांनी विरोध केला होता आणि तो मला रास्त वाटतो. वायू सोडता कोणालाही येईल. भूल पुरेशी चढली की नाही हे ओळखायला सराव लागतो. मास्क नीट बसला नाही तर पिलू अर्धवट शुद्धीत राहतं आणि गळणारा वायू नाकात गेल्यानं माणसाचंच डोकं दुखायला लागतं.

आयसोफ्लुरेनचा मोठा गुण म्हणजे शरीरात त्याचं विघटन जवळजवळ होत नाही. तो श्वासावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो आणि पिलू काही मिनिटांत शुद्धीवर येतं. अडचणही नेमकी इथेच आहे. हा वायू शुद्ध हरपवतो, पण नंतरचं दुखणं थांबवत नाही. त्यासाठी मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक आधी टोचून, ते रक्तात मुरेपर्यंत थांबावं लागतं. शेकडो पिलं रांगेत असताना घाईत पहिली कात्री लागते ती याच थांबण्याला.

मास्क निघाल्यावर दुसरा धोका सुरू होतो, तो थंडीचा. माणसाच्या तान्ह्या बाळाकडे ऊब देणारी तपकिरी चरबी असते, डुकराच्या पिलाकडे ती नसते. ती चालवणारं यूसीपी-1 हे जनुक डुकरांच्या पूर्वजांमध्ये सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच निकामी झालं. जेमतेम दीड किलोचं, विरळ केसांचं हे पिलू कुडकुडूनच अंग गरम ठेवतं. नवजात असताना त्याला आसपास 34 अंश सेल्सिअस तापमान लागतं. भुलीत कुडकुडणं थांबतं, कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि उष्णता भराभर निघून जाते. त्यातच आई साधारण तासाला एकदा पाजते. ती पाळी हुकली तर साखरही उतरते. धडपडणारं पिलू तसंच आईजवळ सोडलं, तर दोनशे किलोंहून जड आई कूस बदलताना ते चिरडण्याची भीती. म्हणून ते पायांवर नीट उभं राहीपर्यंत दिव्याच्या उबेत वेगळं ठेवणं हा उपचाराचाच भाग मानायला हवा.

गंमत अशी, की याच जातीच्या काही जनावरांत भुलीच्या वायूनं ताप भडकतो. स्नायू ताठरतात, तापमान झपाट्यानं चढतं आणि जनावर दगावतं. टोरांटोच्या संशोधकांनी 1991 मध्ये यामागचा दोष आरवायआर-1 जनुकात शोधला. त्याआधी प्रजननासाठी डुकरं निवडताना आठ-दहा आठवड्यांच्या पिलांना हॅलोथेन हा भुलीचा वायू हुंगवून कोण ताठरतं ते पाहत.

भुलीनं कोवळ्या मेंदूचं नुकसान होतं का? उंदरांच्या सात दिवसांच्या पिलांना काही तास भूल दिल्यावर मेंदूतल्या पेशी मेल्याचं 2003 मध्ये दिसलं, तेव्हापासून ही चिंता आहे. माणसाच्या 722 तान्ह्या बाळांचा अनेक देशांतला अभ्यास मात्र दिलासा देतो: तासाभराच्या आतल्या भुलीचा पाच वर्षांच्या वयातल्या बुद्ध्यांकावर परिणाम आढळला नाही. पिलाची भूल तर दोन-तीन मिनिटांची. त्याच्या बाबतीत मेंदूपेक्षा ऊब आणि दूध यांचीच काळजी आधी करावी.

आपल्या गोठ्यातल्या वासरांचं गणित आणखी वेगळं. मोठ्या गाईला शस्त्रक्रियेआधी एक-दोन दिवस वैरण बंद ठेवतात, कारण कोठीपोटातला चारा भुलीत उलटून घशात येऊ शकतो, शिवाय पोट फुगतं. दूधपित्या वासराचं कोठीपोट अजून तयारच झालेलं नसतं. दूध थेट चौथ्या पोटात उतरतं. त्याला तेवढं उपाशी ठेवलं तर साखर उतरून ते गळून जाईल. मात्रेचंही तसंच. झायलाझिन या गुंगीच्या औषधाला गाई-म्हशी घोड्याच्या दहापट संवेदनशील. दर मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमचं औषध असेल, तर चाळीस किलोच्या वासराला 0.2 मिलिलिटर पुष्कळ झालं. तेवढ्याच वजनाच्या शिंगराला दोन मिलिलिटर लागेल.