सातपैकी सात बरोबर! मग पैसे भरायचे का? ब्रॅकेट प्रेडिक्शनचं सोपं गणित

आयपीएल असो, प्रो कबड्डी असो किंवा मैदानावरची टेनिस बॉलची टूर्नामेंट, ‘कोण जिंकणार’ हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. मी तुळिंजला राहतो. संध्याकाळी नालासोपारा स्टेशनला उतरून पूर्वेला घरी पोचेपर्यंत निदान दोन-तीन भाकितं कानावर पडतात, आणि तीही फुकट. पण आता हीच भाकितं टेलिग्रामवर पैसे घेऊन विकली जातात आणि घेणारे बहुतेक कॉलेजची मुलं असतात.

म्हणून आज तीन गोष्टी बघू. अख्ख्या टूर्नामेंटचे निकाल आधी ओळखता येतात का? कॉम्प्युटर अंदाज कसा लावतो? आणि ‘शंभर टक्के रेकॉर्ड’ मिरवणारे ग्रुप तो रेकॉर्ड आणतात कुठून? गणित शाळेतलंच आहे, घाबरू नका.

ब्रॅकेट म्हणजे काय?

आपल्याकडे ‘अमुक चषक’चे लॉट्स पडले की दुसऱ्या मिनिटाला ग्रुपवर एक आकृती फिरते. डावीकडे आठ टीमची नावं, मग चार मॅच, त्यातून दोन सेमीफायनल आणि शेवटी एक फायनल. हरला तो घरी. बाद फेरीच्या या आकृतीलाच ब्रॅकेट म्हणतात.

यात किती मॅच होतात हे मोजायची एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक मॅच एका टीमला घरी पाठवते. आठ टीममधून एकच उरायची तर सात जणांना घरी जावं लागणार, म्हणजे सात मॅच. ६४ टीम असतील तर ६३ मॅच.

हा ६४ चा आकडा मी उगाच घेतलेला नाही. अमेरिकेत दरवर्षी मार्च महिन्यात कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची मोठी स्पर्धा होते. १९८५ पासून तिच्या मुख्य ब्रॅकेटमध्ये ६४ टीम आहेत. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी लाखो लोक ही आकृती शेवटपर्यंत भरून टाकतात, अगदी विजेत्यासकट. एकदा भरलं की बदल नाही. सगळ्या ६३ मॅच बरोबर आल्या तर तो ‘परफेक्ट ब्रॅकेट’. आजवर कुणाचाही असा ब्रॅकेट आल्याची नोंद नाही.

एवढं अवघड का?

एका मॅचचे निकाल दोन. दोन मॅचचे मिळून चार, तीन मॅचचे आठ. प्रत्येक मॅचला आकडा दुप्पट होतो. आठ टीमच्या ब्रॅकेटमध्ये सात मॅच, म्हणजे दोनाला सात वेळा गुणायचं: १२८. म्हणजे ती आकृती भरायचे एकूण १२८ मार्ग आहेत.

आता फोनचा कॅल्क्युलेटर उघडा. बऱ्याच फोनमध्ये तो आडवा धरला की घाताचं बटण दिसतं. दोनाचा ६३ वा घात काढा. उत्तर येतं ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, पुढच्यात दोन, मग चार, ही राजाची गोष्ट आठवते ना? पटाच्या शेवटच्या, ६४ व्या घरात जेवढे दाणे येतात, बरोबर तेवढाच हा आकडा आहे.

तुम्ही म्हणाल, ‘आम्ही काय नाणं उडवून भरतो का? आम्हाला खेळ कळतो.’ बरोबर आहे. मग धरून चाला की तुमची प्रत्येक मॅच ओळखायची शक्यता ७० टक्के आहे. हे फार चांगलं झालं. तरी सातही मॅच बरोबर यायची शक्यता ०.७ चा सातवा घात, म्हणजे सुमारे ८ टक्के. आणि ६३ मॅचसाठी? सुमारे ५७४ कोटींत एक.

हे गणित माहीत असल्यामुळेच २०१४ साली वॉरन बफे यांच्या कंपनीच्या पाठिंब्यावर परफेक्ट ब्रॅकेटसाठी तब्बल एक अब्ज डॉलरचं बक्षीस लावलं गेलं. पहिली फेरी संपायच्या आतच सगळे स्पर्धक बाद झाले. २०१९ मध्ये एका प्रेक्षकाच्या ब्रॅकेटमधले पहिले ४९ निकाल ओळीने बरोबर आले. पन्नासाव्या मॅचला तोही चुकला, आणि ती मॅच ओव्हरटाइममध्ये गेली होती.

अंदाज तरी लावतात कसा?

सगळ्यात साधी पद्धत मानांकनाची. अमेरिकेतल्या या स्पर्धेत टीमना चार विभागांत १ ते १६ असे नंबर देतात आणि पहिल्या फेरीत १ नंबरची गाठ १६ नंबरशी पडते. वरचा नंबर निवडत गेलात तरी बऱ्याच मॅच बरोबर येतात. पण सगळ्या नाही. २०१८ मध्ये १६ नंबरच्या मेरीलँड-बाल्टिमोर काउंटी विद्यापीठाने १ नंबरच्या व्हर्जिनियाला ७४-५४ असं हरवलं. त्याआधी पुरुषांच्या स्पर्धेत अशा १३५ मॅच झाल्या होत्या आणि सगळ्या १ नंबरवाल्यांनी जिंकल्या होत्या.

दुसरी पद्धत ‘इलो रेटिंग’ची. आर्पाद इलो यांनी ती बुद्धिबळासाठी तयार केली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. कल्पना अशी: प्रत्येक टीमला एक रेटिंग द्यायचं. जिंकली की वाढवायचं, हरली की कमी करायचं. तगड्या टीमला हरवलं तर जास्त वाढवायचं, दुबळ्या टीमला हरवलं तर थोडंसंच. मग दोन टीमच्या रेटिंगमधल्या फरकावरून जिंकायची शक्यता निघते. फरक १०० असेल तर वरचढ टीमची शक्यता ६४ टक्के, २०० असेल तर ७६ टक्के, ४०० असेल तर ९१ टक्के. फरक कितीही वाढला तरी १०० टक्के कधीच येत नाही.

तिसरी पायरी सिम्युलेशनची. या टक्केवाऱ्या घेऊन कॉम्प्युटर अख्खी टूर्नामेंट दहा हजार वेळा खेळून बघतो आणि कोणती टीम किती वेळा चषक उचलते ते मोजतो. गूगल शीट्समध्ये शून्य ते एकमधला कुठलाही आकडा देणारं ‘रँड’ नावाचं फंक्शन आहे. आकडा ०.६४ पेक्षा कमी आला तर पहिली टीम जिंकली, नाहीतर दुसरी. एवढ्यावर तुम्ही आठ टीमचा ब्रॅकेट फोनवरसुद्धा चालवू शकता.

यातून एक गोष्ट कळते, जी सहसा डोक्यात येत नाही. एखादी टीम प्रत्येक मॅच जिंकायची शक्यता ७० टक्के आहे असं धरा. मैदानावरची सगळ्यात तगडी टीम. तिला क्वार्टर, सेमी आणि फायनल अशा तीन मॅच ओळीने जिंकायच्या आहेत. शक्यता निघते ३४ टक्के. म्हणजे ‘फेव्हरिट’ टीम तीनपैकी दोन वेळा चषक नेतच नाही.

रणजीचा तो कॅच

आपल्या घरचं उदाहरण घेऊ. २०२४-२५ च्या रणजी करंडकात आठ टीम बाद फेरीत पोचल्या. तेव्हा मुंबई गतविजेती होती. आधीच्या मोसमात तिने फायनलला विदर्भाला १६९ धावांनी हरवून ४२ वं विजेतेपद घेतलं होतं. डोळे मिटून ब्रॅकेट भरणाऱ्याने मुंबईच लिहिली असती.

क्वार्टर फायनलला मुंबईने हरियाणाला हरवलं, विदर्भाने तमिळनाडूला, गुजरातने सौराष्ट्राला. केरळ आणि जम्मू-काश्मीर ही मॅच मात्र ड्रॉ झाली. अशा वेळी पहिल्या डावात आघाडी घेणारी टीम पुढे जाते. जम्मू-काश्मीरच्या २८०, केरळच्या २८१. एका धावेने केरळ पुढे! त्यातही केरळची अवस्था ९ बाद २०० होती, शेवटच्या जोडीने ८१ धावा जोडल्या.

सेमीफायनलला विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवलं. ज्यांनी चषक मुंबईच्या नावावर लिहिला होता त्यांची एक नाही, दोन घरं चुकली: सेमी आणि फायनल. ब्रॅकेटमध्ये चूक अशी पुढे सरकत जाते.

दुसऱ्या सेमीत केरळच्या ४५७ धावा होत्या आणि गुजरातची शेवटची जोडी त्यांच्या अगदी जवळ पोचली होती. गुजरातच्या फलंदाजाने जोरात फटका मारला, चेंडू शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीने झेलला. गुजरात सर्वबाद ४५५. दोन धावांच्या आघाडीवर केरळ इतिहासात पहिल्यांदाच फायनलला. तिथे पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी घेऊन विदर्भाने करंडक उचलला.

आता सांगा, तो चेंडू हेल्मेटवरून कुठे उडणार हे कुठल्या मॉडेलला आधी कळलं असतं? रेटिंग आपल्याला ताकद सांगतं. अशा क्षणांसाठीच ते टक्क्यांत बोलतं.

मग ‘सातपैकी सात’वाले कोण?

आमच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा, बारावीला आहे, मला विचारत होता, “दादा, एका चॅनलवाल्याने सात मॅच आधी सांगितल्या, सातही बरोबर आल्या. आता आठव्यासाठी पैसे मागतोय. भरू का?” त्याने मला मेसेज दाखवले. तारखा खऱ्या, वेळ मॅचच्या आधीची, काही खाडाखोड नाही.

तरीही हे कसं जमतं बघा. समजा माझ्याकडे १,२८० जणांचे नंबर आहेत. पहिल्या मॅचला ६४० जणांना मी लिहितो ‘अ जिंकणार’, बाकीच्या ६४० जणांना ‘ब जिंकणार’. मॅच झाली. ज्यांना चुकीचं गेलं त्यांना सोडून दिलं. उरलेल्या ६४० चे पुन्हा दोन भाग. मग ३२०, १६०, ८०, ४०, २०. सातव्या मॅचनंतर १० जण उरतात आणि त्या प्रत्येकाने माझी सातच्या सात भाकितं खरी ठरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असतात. मला खेळातलं ओ की ठो कळायची गरज नाही.

१२८ हा आकडा आठवतोय? सात मॅचचे १२८ मार्ग. ज्या दुपटीच्या गणितामुळे परफेक्ट ब्रॅकेट भरणं जवळपास अशक्य आहे, त्याच गणितामुळे खोटा ज्योतिषी तयार करणं अगदी सोपं आहे. फक्त पुरेशी माणसं हवीत. आणि माणसं तर ग्रुपवर फुकट मिळतात.

कधी कधी तर एवढीही मेहनत नसते. दोन चॅनल काढायचे, दोन्हींवर उलटसुलट लिहायचं, चुकलेला मेसेज नंतर डिलीट करायचा. चॅनलवर मग बरोबर आलेलेच मेसेज शिल्लक राहतात.

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, “सात मॅच बरोबर आल्या हे तुला दिसलं. चुकीचे मेसेज किती जणांना गेले, हे तुला कसं दिसणार?”

तुम्ही काय कराल?

• ‘शंभर टक्के’, ‘फिक्स’, ‘शुअर शॉट’ हे शब्द दिसले की तिथेच थांबा. खरा अंदाज टक्क्यांत असतो आणि चुकायची तयारी ठेवूनच सांगितलेला असतो.

• बरोबर आलेले किती हे विचारू नका, एकूण सांगितलेले किती ते विचारा. पूर्ण यादी देत नसेल तर रेकॉर्डला अर्थ नाही.

• स्वतःचा अंदाज तपासा. मॅचच्या आधी नोट्स ॲपमध्ये टक्का लिहून ठेवा. ज्या मॅचना तुम्ही ७० टक्के दिलेत, त्यातल्या दहापैकी साधारण सात बरोबर येतात का बघा. दहाच्या दहा आल्या तर तुम्ही जरा घाबरून टक्के देताय, पाचच आल्या तर फाजील आत्मविश्वास आहे.

• मित्रांमध्ये गंमत म्हणून ब्रॅकेट भरणार असाल तर पहिल्या फेरीला १, सेमीला २, फायनलला ४ असे गुण ठेवा. मजा शेवटपर्यंत टिकते. पाच-सहा जणांच्या ग्रुपमध्ये शक्यतो तगड्या टीम निवडा. शंभर जण असतील तर तेच नाव सगळ्यांनी लिहिलेलं असतं, तिथे एखादी वेगळी टीम धरल्याशिवाय पहिला नंबर येत नाही.

• पैसे लावू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली आहे.

• कुणी आधीच पैसे पाठवून फसलं असेल तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि मेसेज डिलीट न करता जवळच्या पोलीस ठाण्यात दाखवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे जायच्या आत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पुढच्या टूर्नामेंटचे लॉट्स पडले की आठ टीमचा ब्रॅकेट भरून बघा आणि किती घरं बरोबर आली ते कमेंटमध्ये कळवा. चुकलेली घरंही मोजा बरं का, खरा रेकॉर्ड त्याशिवाय होत नाही.