लॅपटॉप घेताना आधी खुंट पाहा

खत-औषधांवर लिहिणारा माणूस आज लॅपटॉपवर काय लिहितोय, असे तुम्ही म्हणाल. गेल्या महिन्यात आशागडला एका चिकू बागायतदाराच्या ओटीवर बसलो होतो. मुलगी बारावीनंतर पुढे शिकतेय, तिच्यासाठी काकांनी चिकूच्या पैशातून जुना लॅपटॉप आणला होता. "साहेब, आय-सात आहे, आय-पाचपेक्षा मोठा!" काका खुशीत होते. मी उघडून पाहिले. आय-सात खरा, पण चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३-१४ च्या सुमाराचा. त्यावर विंडोज १०, आणि त्याची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली आहे.

चिकूचे कलम घेताना आपण नुसती हिरवी पाने पाहत नाही. खुंट खिरणीचा आहे का, सांधा जुळलाय का, ते पाहतो. लॅपटॉपचा खुंट म्हणजे प्रोसेसर. इंटेलच्या नावात आडव्या रेघेनंतर आकडा असतो. ८२५० असेल तर आठवी पिढी, १०२१० असेल तर दहावी. साधारण आठव्या पिढीपासून पुढेच विंडोज ११ सरळ मार्गाने बसते. म्हणून आठव्या पिढीचा आय-तीन हा चौथ्या पिढीच्या आय-सातपेक्षा जास्त वर्षे कामाचा. काही दुकानदार जुन्या यंत्रावर आडमार्गाने विंडोज ११ टाकून देतात. पुढे दुरुस्त्या येतीलच याची हमी नसते. आकडा सेटिंगमध्ये 'सिस्टीम' आणि मग 'अबाउट' उघडले की दिसतो. तो स्वतः वाचा.

साठवण एसएसडीची घ्या, २५६ जीबी घरच्या कामाला पुरते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर यंत्र सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो. रॅम ८ जीबी हवी, आणि वाढवता येते का तेही विचारा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती आतल्या पाटीवरच पक्की जोडलेली असते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तर जास्त जपावे. ई-ग्रामस्वराजवर गावचा पैसा तुमच्या डिजिटल सहीने जातो. दुरुस्ती बंद झालेल्या यंत्राला ती सही जोडणे म्हणजे बागेचे कुंपण उघडे टाकणे.

जुना माल घेताना दुकानातच चार्जर काढून अर्धा तास चालवा. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा बॅटरीचीच खरी परीक्षा. बिजागरी सैल नाही ना, सगळी बटणे उठतात ना, तेही पाहा. बिलावर यंत्राचा क्रमांक आणि हमीची मुदत लिहून घ्या.

काकांचा लॅपटॉप फेकायचा नाही. त्यात एसएसडी बसवून उबंटू टाकायचे ठरले आहे. ते फुकट मिळते, दुरुस्त्याही येत राहतात, आणि मुलीचे लिहिणे-वाचणे, इंटरनेट त्यावर भागेल. पुढच्या खेपेला आकडा वाचायला मात्र ती स्वतः दुकानात जाणार आहे.