सहज बोललेले, खोल लागलेले

‘‘तुम्ही मूळचे कुठले?’’ पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या मणिपूर, नागालँडच्या तरुणांना हा प्रश्न नवा नसतो. राज्याचे नाव सांगितले, तरी ‘‘हिंदी छान बोलता हो!’’ असे कौतुक होते. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ऐकणाऱ्यापर्यंत ‘तुम्ही आमच्यातले नाही’ एवढेच पोहोचते.

अशा बारीकसारीक अवहेलनेसाठी हार्वर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पियर्स यांनी १९७० मध्ये ‘मायक्रोअ‍ॅग्रेशन’ हा शब्द वापरला. पुढे २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेराल्ड विंग सू आणि सहकाऱ्यांनी तिचे तीन प्रकार सांगितले: जाणूनबुजून केलेला अपमान, नकळत झालेला अपमान आणि समोरच्याचा अनुभवच नाकारणे. ‘‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं?’’ हे वाक्य तिसऱ्या प्रकारातले.

हे नकळत का घडते? आपला मेंदू माणसांची झटपट वर्गवारी करतो. लहानपणापासून ऐकलेले समज त्या वर्गवारीला चिकटतात आणि विचार करण्याआधीच शब्द तोंडून निघून जातात.

शिक्षणाने हे समज आपोआप पुसले जात नाहीत. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये श्वेतवर्णीय वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांची पाहणी केली. ‘कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते’ यासारखा किमान एक तरी चुकीचा समज त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना खरा वाटत होता. असे समज बाळगणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदना कमी लेखल्या आणि त्यांनी सुचवलेले उपचारही कमी अचूक होते.

सोसणाऱ्याचे शरीरही याची नोंद ठेवते. प्रत्येक वेळी ‘बोलावे की गिळावे’ या विचाराने ताण येतो, हृदयाचे ठोके वाढतात. हे रोजचेच झाले की झोप बिघडते, उदासीनता आणि चिंता वाढू शकते.

यावर साधे उपाय आहेत. कौतुक करताना ‘आपल्याच गावच्या माणसाला मी असे म्हणालो असतो का?’ हे मनाशी विचारावे. कोणी ‘मला हे लागले’ म्हणाले, तर हेतूचा खुलासा करत बसण्यापेक्षा आधी ऐकून घ्यावे आणि माफी मागावी. आपल्यासमोर दुसऱ्याला टोमणा मारला जात असेल, तर गप्प न राहता शांतपणे अडवावे. ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ या वाक्यातला ‘पण’ घराघरांत ऐकू येतो. सुरुवात तो गाळण्यापासून करता येईल.