शेड कामाची की बसण्याची?



गेल्या हंगामात आमच्या एका गट कार्यालयात एक जुने सभासद रोज सकाळी येत. वय सत्तरीच्या पुढचे. आले की विचारत, "साहेब, आमची तोड कवा?" चिटबॉय वही काढून बघू लागे, तोवर ते बाकावर टेकलेले असत. चारपाच दिवस असे झाल्यावर आम्ही स्वतः नोंद पाहिली. त्यांचा ऊस डिसेंबरातच गाळपास गेला होता आणि बिल मुलाच्या खात्यावर जमाही झाले होते. "आबा, तुमचा ऊस कधीच गेला की," असे आम्ही म्हणालो. आबा म्हणाले, "ठावं हाय. फडात मीच हुबा हुतो." मग चहा आला. तो घेऊन, तासभर बसून ते गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

आबांना तोडीची तारीख नको होती, हे समजायला आम्हाला आठवडा लागला. पूर्वी लागणीची नोंद, बेण्याची मागणी, खताची उचल यासाठी कार्यालयात खेपा पडत. आता नोंद मोबाईलवर होते, बिलाचा निरोपही मोबाईलवर येतो. सभासदाची खेप वाचली म्हणून आमच्या शेतकी खात्याला समाधान आहे. पण खेपेबरोबर बाकावरची बैठकही गेली. शेतीचा कारभार मुलाकडे गेला, बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली, आणि ज्या माणसाने चाळीस वर्षे नांगर धरला त्याला सकाळी आठ वाजता कोठे जावे हा प्रश्न पडतो. बायामाणसांना घरात काम आणि बोलायला शेजार असतो. पुरुषमाणूस मात्र कामाच्या निमित्तानेच बोलतो. काम संपले की त्याचे बोलणेही संपते.

याच कार्यालयामागे खताचे जुने पत्र्याचे गोदाम रिकामे पडले आहे. त्याचे काय करावे याविषयी गटातून सूचना आल्या. कोणी म्हणतात अवजार दुरुस्तीचे वर्कशॉप काढा. कोणी म्हणतात वाचनालय करा. भजनी मंडळाने जागा मागितली आहे. काही सभासदांचे म्हणणे, भाड्याने द्या, चार पैसे येतील. सर्वांचेच म्हणणे रास्त आहे आणि शेड एकच आहे. असा पेच इतरत्र कोणी सोडवला आहे काय, हे पाहताना ऑस्ट्रेलियातील 'मेन्स शेड' या चळवळीची माहिती आमच्या वाचनात आली. ती येथे देत आहोत.

ऑस्ट्रेलियात बहुतेक घरांच्या मागे एक पत्र्याची शेड असते. करवत, रंदा, पाने, अर्धवट उघडलेले इंजिन असा सगळा संसार तीत असतो, आणि ती घरातल्या पुरुषाची हक्काची जागा समजली जाते. माणूस निवृत्त झाला, मोठे घर विकून लहान घरात गेला, की ही शेड सुटते. मग गावाने मिळून एकच शेड उभारावी अशी कल्पना निघाली. दक्षिण ऑस्ट्रेलियातील गूलवा येथे १९९३ साली वयस्क पुरुषांसाठी अशी एक शेड सुरू झाली. व्हिक्टोरिया राज्यातील टोंगाला या दूधधंद्याच्या गावी १९९८ च्या जुलैत उघडलेल्या शेडला 'मेन्स शेड' हे नाव मिळाले. २००७ साली देशपातळीवरची संघटना झाली. आज तेथे हजाराहून अधिक शेड आहेत. आयर्लंडमध्ये २०११ आणि ब्रिटनमध्ये २०१३ साली अशाच संघटना निघाल्या. मकाय, बंडाबर्ग या क्वीन्सलंडमधील उसाच्या भागांतही शेड आहेत, हे आपल्या सभासदांना विशेष वाटेल. तेथे ऊस फार वर्षांपासून यंत्राने तुटतो. टोळी, मुकादम, फडातली गर्दी हे काही नाही. म्हणजे माणूस एकटा पडण्याची सोय आपल्या आधीच झालेली.

एकटेपणाची गोष्ट तिकडे हसण्यावारी नेत नाहीत. त्या देशात आत्महत्या करणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पुरुष असतात. म्हणून २०१० साली सरकारने पुरुषांच्या आरोग्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा या शेडना मदत देण्याचे त्यात ठरवले. शेडमध्ये रक्तदाब-साखरेची तपासणीही ठेवतात, आणि तिला यंत्राच्या बिघाडावरून नाव दिले आहे. 'दवाखान्यात चला' म्हटले की न हलणारा गडी 'सर्व्हिसिंग करून घे' म्हटल्यावर येतो, हा अनुभव आपल्याकडचाच वाटतो. पुरुष समोरासमोर बसून मनातले बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात, असे तिकडच्या संघटनेचे बोधवाक्यच आहे.

इथवर सगळे गोड. आता भांडणे.

पहिले भांडण चहा आणि रंदा यांचे. काही जण काम करायला येतात. त्यांना बाके करायची असतात, मुलांची लाकडी खेळणी करायची असतात, मोडक्या सायकली दुरुस्त करायच्या असतात. काही जण मात्र नुसते बसायला येतात. काम करणारा म्हणतो, आम्ही घाम गाळायचा आणि हे फुकट चहा पिणार. बसणारा म्हणतो, तुमच्या करवतीच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही. बॅरी गोल्डिंग नावाच्या प्राध्यापकांनी या शेडचा बरीच वर्षे अभ्यास केला आहे. त्यांच्या आणि इतरांच्या अभ्यासातून असे दिसते, की माणसे हत्यारांच्या ओढीने येतात आणि सोबतीसाठी टिकतात. म्हणजे आज नुसता बसलेला माणूस शेडचा मूळ हेतूच पुरा करत असतो. चांगल्या शेडमध्ये यावर भिंतीचा उपाय केलेला असतो. कामाची जागा आणि चहाची खोली वेगळी, मधे दार. ठरल्या वेळी यंत्रे बंद करून सर्वांनी एकत्र चहा घ्यायचा. त्या वेळी काम रेटून चालू ठेवायचे नाही, मग ऑर्डर कितीही तातडीची असो. आम्हाला हा नियम फार आवडला.

दुसरे भांडण 'माझे काम आधी की गावाचे' याचे. शाळेला बाके हवी असतात, रुग्णालयाला खेळणी हवी असतात. इकडे एखाद्याला नातवासाठी पाळणा करायचा असतो. गावाची कामे वाढत गेली की शेडचा कारखाना होतो, आणि निवृत्त झालेल्या माणसाला पुन्हा मुकादमाची हाक नको असते. उलट जो तो आपलेच काम करू लागला तर देणगी देणारे विचारतात, यात गावाचे काय? यावर तोडगा असा, की घरचे काम करणाऱ्याने लाकूड, खिळे, रंग यांचे पैसे भरायचे. गावाची ऑर्डर घ्यायची की नाही हे समितीने ठरवायचे आणि फळ्यावर लिहायचे. नको असेल तर सरळ नाही म्हणायचे.

येथे आमच्या खात्याचा अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. लागण तारखेप्रमाणे तोड, हा नियम कागदावर सोपा आहे. तरी ओळखीच्याचा ऊस आधी तुटतो अशी तक्रार दरवर्षी होते, आणि ती सर्वस्वी खोटी आहे असे आम्ही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. तारखा कार्यालयाबाहेर फळ्यावर लावू लागलो तेव्हा तक्रारी निम्म्यावर आल्या. नियम तोच होता, फक्त तो सर्वांना दिसू लागला. एखाद्याचा नंबर मागे गेला तरी तो का गेला हे समजले, तर माणूस कुरकुरतो पण तुटत नाही.

लाकूड आणि लोखंड यांचे भांडण मात्र मतांचे नाही, ते आगीचे आहे. वेल्डिंगची ठिणगी भुशात पडली तर शेड जाते. म्हणून दोन्ही कामांना जागा वेगळी हवी, नसेल तर वार तरी वेगळे हवेत. त्यातच जाणत्या कारागिराचा प्रश्न येतो. ज्याने जन्मभर लेथ चालवला त्याला नवख्याने हात लावलेला खपत नाही. नवख्याला वाटते, वर्गणी मीही भरली आहे. तेथे प्रत्येकाला आधी यंत्राची माहिती देतात, त्याची सही घेतात, आणि ज्याला जे यंत्र येते तेवढेच हाताळू देतात. आल्या-गेल्याची वही असते. विमा तर पाहिजेच. बोट गेल्यावर पोटनियम काढून उपयोग नाही.

बायकांना सभासद करावे की नाही हा प्रश्न ज्या त्या शेडने आपापल्या परीने सोडवला आहे. काहींनी दार उघडले, काहींनी वेगळा वार दिला, काही ठिकाणी बायकांनी स्वतःची शेड काढली. पैशाचे म्हणाल तर वर्गणी, सरकारी अनुदान, तयार वस्तूंची विक्री, आणि हार्डवेअरच्या मोठ्या दुकानाबाहेर सॉसेज भाजून पावात घालून विकणे. हे शेवटचे वाचून आमच्या कार्यालयात वडापावचा विषय निघाला, पण तो पुढे गेला नाही.

बाकी रचना आपल्या ओळखीचीच. नोंदणीकृत संस्था, घटना, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, वार्षिक सभा. आपण सहकारातली माणसे, आपल्याला हे नव्याने शिकावे लागणार नाही. उलट आपली खोड अशी, की समिती आधी होते आणि तिच्यात कोण असावे यावरच दोन गट पडतात.

आमच्या गोदामापुरते बोलायचे तर वर्कशॉप आणि बसण्याची जागा यांत झगडा असण्याचे कारण नाही. गोदाम साठ फूट लांब आहे. मधे भिंत घातली तर एका बाजूला सुतारकाम मावेल, वेल्डिंग मागच्या उघड्या पडवीत नेता येईल, आणि पुढच्या भागात बाके, वर्तमानपत्रे, चहा. भजनी मंडळाला संध्याकाळी यंत्रे बंद असतात तेव्हा जागा मिळू शकेल. भाड्याने देण्याच्या सूचनेला मात्र आमचा विरोध आहे, आणि तो आम्ही संचालक मंडळाकडे लेखी दिला आहे. गटातल्या सभासदांची बैठक येत्या महिन्यात गट कार्यालयातच घेत आहोत. तीत ठरवायचे ते एवढेच: वार कसे वाटायचे, घरच्या कामाला काय आकारायचे, आणि किल्ली कोणाकडे राहायची. ज्यांना सुतारकाम, लोहारकाम येते त्यांनी नावे द्यावीत. ज्यांना काहीच करायचे नाही, नुसते बसायचे आहे, त्यांनीही नावे द्यावीत. त्यांची यादी वेगळी करणार नाही.

आबांना हे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोत्यात गुंडाळून एक जुना रंदा घेऊन आले आणि तो आमच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "पातं बदलाय लागतंय." रंदा सध्या कार्यालयाच्या कपाटात, खताच्या पावती पुस्तकांशेजारी आहे.