कामशेतचा वारा भोईवाड्यात बसून कसा वाचावा

शनिवारी पहाटे भोईवाड्यातून निघायचं, दादरला पुण्याची गाडी पकडायची, लोणावळ्याला उतरून लोकलने मळवलीच्या पुढचं कामशेत गाठायचं. एवढं करून पवनेकाठच्या डोंगरावर पॅराग्लायडरची विंग पिशवीतच राहू नये, म्हणून शुक्रवारी रात्री वाऱ्याचा अंदाज नीट वाचावा लागतो. नवशिके आधी वेग बघतात. आधी बघायची ती दिशा.

'पश्चिमेचा वारा' म्हणजे पश्चिमेकडून येणारा. उड्डाणाला तो उतारावर समोरून चढत यायला हवा. पाठीमागून, डोंगर ओलांडून आला तर पलीकडे खाली घसरून भोवरे करतो. त्याला रोटर म्हणतात. अशा वेळी वारा कितीही मंद दिसला तरी त्या उतारावर जाऊच नये.

मग वेळ. शाळेत शिकलेले खारे वारे इथे कामाला येतात. हिवाळ्यात सकाळी पठारावर बहुधा पूर्वेचा वारा असतो. जमीन तापली की समुद्राचा वारा घाट चढून दुपारनंतर मावळात पोहोचतो. त्यामुळे दिवसाची सरासरी निरुपयोगी. दर तासाचा अंदाज उघडा आणि दिशा कधी फिरते ते शोधा. वरच्या थरात पूर्वेचा वारा जोरात असेल, तर खारा वारा उशिरा येतो किंवा येतच नाही. दोघांची गाठ पडते त्या तासा-दोन तासांत हवा फार खवळलेली असते.

आता वेग. अंदाज काढणारं युरोपीय हवामान मॉडेल जगाला सुमारे 9 किलोमीटरच्या चौकटींत कापतं. तेवढ्या चौकटीत तुंग, तिकोना हे किल्ले आणि मधलं पवनेचं पाणी मावू शकतं! मॉडेलला तिथे कडे दिसत नाहीत, सपाट केलेली जमीन दिसते. प्रत्यक्षात डोंगराच्या धारेवर हवा दबून वेग घेते. जमिनीपासून 10 मीटरवरचा आकडा ताशी 12 किलोमीटर दाखवत असेल, तरी धारेवर त्याहून बराच जास्त वारा भेटू शकतो. म्हणून 925 आणि 850 हेक्टोपास्कलचे थरही बघा. समुद्रसपाटीपासून ते साधारण 750 आणि 1,500 मीटरवर येतात. दहा मीटरवर 12 आणि 850 ला 35 असेल, तर मी घरीच थांबेन. साध्या विंगचा स्वतःचा वेगच ताशी 35 ते 38 किलोमीटर असतो. तेवढ्या वाऱ्यात ती पुढे सरकतच नाही.

झोताचा, म्हणजे गस्टचा आकडा वेगळा वाचावा. वारा 14 आणि झोत 18 असेल तर चालेल. 14 आणि 30 असेल तर नाही, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो.

डोंगरावर पोहोचल्यावर अंदाजाची जागा डोळे घेतात. गवत सलग वाकतंय की हिसके देतंय ते बघा. घारी कोणत्या धारेवर तरंगतात ते बघा. खाली धरणाच्या पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागले, तर वारा ताशी 20 च्या आसपास गेलेला असतो, आणि पाण्यावरचा तो जोर थोड्या वेळाने वरही येऊन पोहोचतो.